हँडलवरची पिशवी

खांबाच्या टोकाशी, कमरेच्या पट्ट्यावर मागे रेलून, सत्यशीला फुटक्या इन्सुलेटरचा गंजलेला नट सैल करत होती, तेव्हा तिच्या खिशातला फोन वाजला. एरवी तिने तो वाजू दिला असता. खांबावर असताना फोन घ्यायचा नाही, असं ती स्वतःच लाईनमनांना बजावत असे. पण आज खाली गावातली माणसं माना वर करून उभी होती, आणि फोनसुद्धा घेता येत नाही म्हणजे बाई भ्याली, असं कुणीतरी म्हणेल हे तिला दिसत होतं. तिने दातांनी एक हातमोजा ओढून काढला आणि फोन कानाला लावला. उपकेंद्रातून भुजंग बोलत होता. दुपारच्या पाळीला नुकताच आलेला. "म्याडम, तुमचा डबा हितंच राह्यला की. हँडललाच अडकून व्हता. म्या काढून टेबलावर ठिवलाय झाकून. मुंग्या लागत्यात, म्हणलं सांगावं तुम्हाला." आवाजात खरोखरची काळजी होती. सत्यशीला म्हणाली, "भुजंग, त्या हँडलला हात..." आणि तेवढ्यात फोन मुका झाला. परत लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. तिचा उघडा हात तारेपासून वीतभर अंतरावर होता. तो तिने हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, मागे घेतला.

हँडल म्हणजे या फीडरच्या, गावाकडे येणाऱ्या या लाईनच्या, ब्रेकरचं हँडल. ते डावीकडे असलं की ती आत्ता जिला खेटून उभी आहे ती तार निव्वळ तार असते, आणि उजवीकडे फिरवलं की त्याच तारेत अकरा हजार व्होल्ट येतात. लाईनवर माणूस चढलेला असताना ते हँडल कुणी फिरवू नये, यासाठी कंपनीचे कागद आहेत, लाल पाट्या आहेत, सह्या आहेत. सगळे कागद संध्याकाळी एकत्र बसून भरले जातात. दिवसा चालतो तो डबा. कधीकाळी या उपकेंद्राचा एक लाईनमन तारेलाच चिकटून गेला होता, फोनवर कुणी काय ऐकलं, कुणी काय समजलं, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. तेव्हापासून इथल्या माणसांनी आपली आपण एक रीत पाडली होती. जो वर चढणार, तो जाताना आपल्या जेवणाच्या डब्याची पिशवी त्या हँडलला अडकवून जायचा. काम करून आला की आपल्या हाताने काढायचा आणि तिथेच बसून जेवायचा. दुसऱ्याच्या पिशवीला कुणी हात लावत नसे. भांडण असलं, पैशाचा वाद असला, बोलणं बंद असलं, तरी पिशवी म्हणजे पिशवी. बदली होऊन आली त्या आठवड्यातच सत्यशीलाला ही रीत कळली होती आणि ती तिला फार आवडली होती. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकवलेल्या कुठल्याच सुरक्षा-नियमावर तिचा इतका चटकन विश्वास बसला नव्हता. भुकेला माणूस आपला डबा विसरत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर सगळं उभं होतं.

आणि आज सकाळी तिने पहिल्यांदाच तिथे आपली पिशवी अडकवली. दोन लाईनमन नदीकडच्या बिघाडावर गेलेले, तिसरा रजेवर, आणि राहिलेल्या धर्मराजचा गुडघा सुजून टम्म झालेला. इकडे गावची पाणीपुरवठ्याची मोटर कालपासून बंद. अप्पाराव नावाचे गावचे कारभारी सकाळीच उपकेंद्रात येऊन बसले आणि तिच्याकडे बघत, तिलाच विचारू लागले, "साहेब कवा येतेत?" साहेब मीच आहे, हे वाक्य ती आता न चिडता म्हणू शकत असे. अप्पाराव वाईट माणूस नव्हते, त्यांनी चहासुद्धा मागवला तिच्यासाठी. फक्त त्यांचं म्हणणं होतं की जालन्याहून एखादा माणूस बोलवावा. "बाईमाणसाला खांबावर चढवलं म्हणल्यावर गावाची इज्जत ती काय राह्यली?" मग ती उठली. पट्टा घेतला, मोजे घेतले, आणि सकाळच्या पाळीच्या माऊलीदेखत हँडल डावीकडे करून त्यावर आपली पिशवी अडकवली. माऊली हसला होता. तेव्हा तिला ते हसू कौतुकाचं वाटलं. आता, दुपारच्या उन्हात लोखंडी खांबाला बिलगून, तिला ते हसू पुन्हा पुन्हा तपासून बघावंसं वाटत होतं.

पिशवी आईने शिवलेली होती. बेबीनंदाबाईंनी आपल्या जुन्या साडीच्या पदराची, जांभळ्या फुलांची, चेन लावून शिवली होती, मुलगी साहेब झाली म्हणून. बाकीच्यांच्या पिशव्या बियाण्याच्या कंपन्यांच्या, पांढऱ्या, कपाशीचं बोंड छापलेल्या, तेलाच्या डागांनी पिवळट झालेल्या. भुजंगला लांबून बघूनसुद्धा ओळखू आलं असणार. फुलाफुलाची पिशवी, म्हणजे म्याडमची. म्याडम म्हणजे हापिसातलं माणूस. म्हणजे विसरली. त्याच्या डोक्यात हे सगळं किती सहज झालं असेल, कुठेही न अडखळता! त्याने दुष्टपणा केला असता तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याने मुंग्या लागू नयेत म्हणून काढली. असं मरण आलं तर त्यात चूक कुणाचीच निघणार नाही, आणि सगळे हळहळतील, हे तिला लख्ख दिसलं.

तारेला साखळी होती. तिन्ही तारा एकमेकींना बांधून तिने स्वतः ती जमिनीत सोडली होती, वीज आलीच तर अंगातून न जाता खाली निघून जावी म्हणून. पण वीज ओढून घ्यायला जमीन ओली लागते, आणि खाली ती अशी तडकलेली होती की भेगेत मनगट जावं. धर्मराजने खिळा ठोकला, तिने सांगितलं म्हणून त्यावर आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं, आणि ते पाणी ओतता ओतताच सुकून गेलं होतं. तरी साखळी असताना वीज आली तर ब्रेकर वीज तोडून आपणहून पडायला हवा. हवा. गेल्याच महिन्यात तो पडला नव्हता, तार जळून शेतात तुटून पडली आणि कडब्याची अख्खी गंजी पेटली होती. तिने वर कळवलं होतं, तिथून अजून कुणी आलं नव्हतं. तिने कान देऊन ऐकलं. तारेत वीज असली की बारीक गुणगुण असते, असं धर्मराज म्हणायचा. लांबून शहागडकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता, वाऱ्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या खुळखुळत होत्या, आणि तिच्या स्वतःच्या कानात रक्ताचा आवाज होता. यांतली गुणगुण कुठली, ते तिला ठरवता येईना.

तारेचा वास असतो का? तिच्या लहानपणाला एक वास होता, मोटारीच्या वाइंडिंगवर लावायच्या वार्निशचा, गोड आणि डोकं चढवणारा. पिंपळगाव रेणुकाईला बाबांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीतून काढून आणलेल्या जळक्या मोटारी ओट्यावर ओळीने पडलेल्या असायच्या. त्यांतली जळकी तार उपसून नवी तांब्याची तार खाचांमध्ये वेटोळी करून भरायची. ते काम बोटांचं. बाबांची बोटं जाड, सूरजचं, तिच्या भावाचं, लक्ष क्रिकेटमध्ये. शाळेतून आली की दप्तर टाकून ती आतल्या खोलीत बसायची आणि भरायची. एकही वेढा दुसऱ्यावर चढत नसे. बाहेर शेतकरी यायचा, मोटर उचलून बघायचा, विचारायचा, "कुणी भरली?" आणि बाबा म्हणायचे, "सूरजनं." ती आतून ऐकायची. एकदा तिने विचारलं होतं, रागाने नाही, खरंच कळलं नव्हतं म्हणून. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीनं भरली म्हणलं, की त्याला रातभर झोप लागणार न्हाई बघ. जळती की काय, जळती की काय, करत बसंल. सूरजचं नाव घेतलं की निवांत झोपतो. मोटर तीच चालती ना?" मोटर तीच चालायची. तिने भरलेल्या मोटारी अजूनही भोकरदन तालुक्यातल्या कितीतरी विहिरींवर सूरजच्या नावाने पाणी उपसत असतील. तेव्हा तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. आतल्या खोलीत बसून आपलंच गुपित राखल्यासारखी एक गंमतसुद्धा वाटायची. त्या गमतीची आता तिला शिसारी आली.

"म्याडम, काय झालं?" खालून धर्मराजने विचारलं. तिने वाकून बघितलं. एका पायावर भार देऊन तो वर बघत होता.

"भुजंगनं हँडलवरचा डबा काढला," ती म्हणाली.

धर्मराजचा चेहरा एकदम उतरला. तो एका शब्दात सगळं समजला. "कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा."

"तुमचा व्हय," तो म्हणाला. आणि त्याचे खांदे सैल पडले, अडकलेला श्वास सुटला. ते सगळं तिने वरून स्पष्ट पाहिलं. क्षणभरच. मग त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं असावं, कारण त्याने पुन्हा झटकन वर पाहिलं, पहिल्यापेक्षा जास्त घाबरून. पण तो सैल पडलेला क्षण तिच्या नजरेतून सुटला नाही. तिला पट्टा कसा बांधायचा, पायांनी खांब कसा धरायचा, ते या माणसाने शिकवलं होतं. तिच्याविषयी बाहेर कुणी वेडंवाकडं बोललं तर भांडायला उठणारा हा एकटाच. त्याच्याही आत, अगदी खाली, म्याडमचा डबा हा डबा नव्हता.

आता खाली उतरायचं की नाही, एवढंच उरलं होतं. उतरली, तर हे गाव आणि पुढची दहा गावं वर्षानुवर्षं सांगत राहणार की बाई अर्ध्यातून उतरली. तिच्या नंतर या उपकेंद्रात जी कुणी पोरगी येईल, तिलाही आल्या दिवशी चहाबरोबर हीच गोष्ट ऐकवली जाणार. न उतरता नट काढून नवा इन्सुलेटर बसवायला फार वेळ लागला नसता. कदाचित भुजंगने हँडलला हात लावलाही नसेल. कदाचित पिशवी काढून तो तंबाखू मळत बसला असेल. कदाचित. तिने मोजा पुन्हा चढवला, पान्हा उचलला, तारेकडे हात नेला. हात जाईना. हात तिचाच होता आणि तो ऐकत नव्हता, थरथरतही नव्हता, नुसता जागच्या जागी थांबला होता. तो भ्याडपणामुळे थांबलाय की शहाणपणामुळे, याचा उलगडा करत बसायला ती जागा बरी नव्हती. तिने पट्टा सैल केला आणि उतरायला लागली.

"चक्कर आली का म्याडम?" अप्पारावांनी पाण्याची बाटली पुढे केली. कुणीतरी मागे हसलं, फार मोठ्याने नाही. "म्या आधीच म्हणलं व्हतं. उन्हाचं बाईमाणसाला सोसत न्हाई. लावू का जालन्याला फोन?"

"चक्कर नाही आली," सत्यशीला म्हणाली. "भीती वाटली. मी येईपर्यंत त्या साखळीला कुणी हात लावायचा नाही." आणि तिने स्कूटी सुरू केली. धर्मराज न विचारता मागे बसला, आपली पांढरी पिशवी मांडीवर घेऊन. तो आज चढणार नव्हता, म्हणून त्याने ती कुठेच अडकवली नव्हती. वाटेत तो एकदाच बोलला, "भुजंग चांगला माणूस हाय, म्याडम." तीच तर पंचाईत होती.

उपकेंद्राच्या दारातूनच तिला दिवा दिसला. पॅनेलवर, बॅटरीवर चालणारा लाल दिवा. हँडल उजवीकडे होतं. तिला वाटलं आपण धावलो, पण धर्मराजने नंतर सांगितलं की ती अगदी सावकाश चालत गेली आणि तिने ते हँडल डावीकडे फिरवलं. खाडकन आवाज झाला आणि लाल जाऊन हिरवा दिवा लागला. खोलीत उकाडा होता. छताचा पंखा बंद होता. टेबलावर जांभळ्या फुलांची पिशवी, तिच्यावर ओला रुमाल पसरलेला, आणि शेजारी भुजंग खुर्चीतून उठत, शर्टाची बटणं लावत.

"हँडल कधी टाकलं?" तिने विचारलं.

"कवाच टाकलंय. तुमचा डबा काढला, हँडल टाकलं, मंग तुम्हाला फोन लावला." तो गोंधळला होता. "कामून, म्याडम? लाईन मोकळीच व्हती की, कुणी चढलेलं नव्हतं. वरूनच लाईट गेलीय मघाधरनं, समदंच बंद हाय. म्हणलं आपलं टाकून ठिवावं, आली की गावाला पाणी जल्दी भेटंल."

म्हणजे फोन वाजला तेव्हा हँडल फिरलेलं होतं. म्हणजे ती दातांनी मोजा काढत होती, बाबांचं दुकान आठवत होती, उतरू की नको म्हणत तोलून बघत होती, त्या सगळ्या वेळात तिच्या आणि अकरा हजार व्होल्टच्या मध्ये ब्रेकर नव्हता, माणूस नव्हता, डबा तर नव्हताच. कुठेतरी लांब, तिला माहीत नसलेल्या कुणीतरी, काहीतरी दुसऱ्याच कामासाठी, वरची लाईन बंद केली होती, एवढंच. ती बोलायला तोंड उघडणार तोच बाहेरचा मोठा ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला. वरचा पुरवठा आला. छताचा पंखा करकरला, एक पातं हललं, मग दुसरं, आणि तो फिरायला लागला. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. टेबलावरचा ओला रुमाल वाऱ्याने उडून खाली पडला.

"म्याडम," भुजंगचा आवाज बसला होता. त्याला आता सगळं कळलं होतं आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तुम्ही वर व्हत्या?"

"माझा डबा होता ना तिथे."

"व्हता. पर म्या म्हणलं..." तो थांबला. मग शपथ घ्यावी तसं, अगदी मनापासून म्हणाला, "लाईनमनचा डबा असता तर हात तरी लावला असता का म्या? आईची आन, म्याडम. बिलकुल न्हाई लावला असता."

ते खरं होतं. तिला ओरडायचं होतं, त्याच्या कानाखाली द्यायची होती, आणि त्याच वेळी त्या खुर्चीत मटकन बसून रडायचंही होतं. यांतलं तिने काहीच केलं नाही. तिने टेबलावरची पिशवी उचलली, हँडलला अडकवली, आणि म्हणाली, "मी परत जातेय. हा डबा मी काढेन. दुसरं कुणी नाही." भुजंगने मान हलवली, हात जोडले. त्याने आता त्या हँडलजवळ डोळ्यांत तेल घालून पहारा दिला असता, यात शंका नव्हती. पण त्याला लघवीला जावं लागेल. नाहीतर कुणीतरी चहा घेऊन येईल, माऊली विसरलेलं काहीतरी न्यायला परत येईल, एखादा चांगला, काळजीवाहू माणूस आत येईल आणि त्याला ती जांभळी फुलं दिसतील. पॅनेलला कुलूप लावायची सोय होती, किल्ली तिच्या बदलीच्याही आधी हरवलेली. नवीन किल्लीसाठीही तिने वर कळवलं होतं.

ती दाराकडे वळली तेव्हा मागे धर्मराज हँडलपाशी उभा होता. त्याने आपली पांढरी, तेलकट, बोंड छापलेली पिशवी उचलली आणि तिच्या पिशवीवर, पुढून, जांभळी फुलं पुरती झाकली जातील अशी अडकवली. भुजंगने ते पाहिलं आणि त्याच्या तोंडावर रंग परत आला. सत्यशीलाला म्हणायचं होतं, काढ ते. तिच्या जिभेवर शब्द आले होते. पण आतून दुसरंच काहीतरी वर आलं, गरम आणि ओशाळं. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की जिभेवरचे शब्द तिने तसेच गिळले. धर्मराज तिच्याकडे बघत नव्हता. "चला म्याडम," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ऊन उतरायच्या आत करून टाकू."

गावात माणसं अजून तिथेच होती, उलट वाढली होती. तिने पट्टा बांधला. चढताना खांब हाताला मघापेक्षा तापलेला लागला. ती निम्म्यावर गेली असेल, तेव्हा खाली अप्पारावांचा आवाज आला, दबका, पण वर ऐकू जाईल एवढा. "धर्मराज, मघा तर भ्याली व्हती. आता कशाच्या जिवावर चढून राह्यली?"

"माझा डबा लावून आलोय," धर्मराज म्हणाला.

"मंग बराबर हाय," अप्पाराव म्हणाले, आणि निवांत होऊन खाली मांडी घालून बसले. आजूबाजूची दोन-चार माणसंही बसली. ओट्यावरून मोटर उचलून नेणारा शेतकरी असाच निवांत व्हायचा. सत्यशीला वर पोचली. तिने पान्हा काढला, श्वास धरून तारेची गुणगुण ऐकली, आणि सूरजचं नाव ऐकून आतल्या खोलीत मान खाली घालून तार भरत राहायची तसा हात पुढे केला. या वेळी तो गेला.